इर्जिकीला गेलेली लेक

"सहा आठवडे इटलीत शेतावर काम करणार आहे. पगार नाही, राहणं-जेवण त्यांचं." लेकीने फोनवर हे सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "मग मामाच्या शेताने काय घोडं मारलं होतं?"

तुमच्याही घरी हे बोलणं झालं असेल, नाहीतर होईल. मुलं शिकायला जर्मनीला, आयर्लंडला जातात, वर्षभरात तिकडच्या गाड्यांची वेळापत्रकं त्यांना पाठ होतात, आणि मग एखाद्या रविवारी, आपण निवांत बसलेलो असताना, असं काहीतरी कानावर घालतात. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. वडील द्राक्षं लावणारे. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी सांगलीला ठेवून शिकवलं ते एवढ्याचसाठी, की पोरींना उन्हात छाटणीला उभं राहावं लागू नये. माझी मुलगी पुण्यात जन्मली, फूड टेक्नॉलॉजी शिकली, पुढचं शिकायला जर्मनीला गेली, सप्टेंबरात थीसिस देऊन मोकळी झाली. हातात दोन महिने आले तर तिला आठवलं काय, शेत! तेही परक्याचं. वडील असते तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली असती आणि काही बोलले नसते. त्यांचा राग असाच असायचा.

आमच्या ह्यांची हरकत वेगळी होती. "फुकट राबवून घेतील, कळतंय का?" आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची त्याहून वेगळी. त्यांनी फक्त "एकटी?" एवढंच विचारलं आणि चहाचा घोट घेतला. त्या घोटात सगळं आलं.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते, कारण मलाही तो लेकीनेच समजावला. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड नावाच्या बाई होत्या. शनिवार-रविवारी शहराबाहेर जाऊन मातीत हात घालावेत असं त्यांना वाटे, पण ओळखीचं शेत नव्हतं. त्यांनी ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर एक शनिवार-रविवार ठरवून घेतला. आम्ही येतो, पडेल ते काम करतो, तुम्ही जेवायला आणि झोपायला जागा द्या. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. त्यातून 'वूफ' ही चळवळ उभी राहिली. आज शंभराहून जास्त देशांत तिची शेतं आहेत, आपल्या भारतातही आहेत. सेंद्रिय शेती करणारं एखादं कुटुंब नाव नोंदवतं, पाहुणा दिवसाचे चार-सहा तास काम करतो आणि त्यांच्याच ताटात जेवतो. तशीच दुसरी संकेतस्थळंही निघाली आहेत. काहींवर शेतीबरोबर हॉस्टेल, मुलं सांभाळणं, रंगकाम असं सगळंच मिळतं.

हे ऐकताना मला माझी आजी आठवली. तिच्या काळी कुणाची नांगरट अडली, कुणाचा बैल मेला, की गावातले लोक आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे. एका दिवसात रान नांगरून व्हायचं. मजुरी कुणी घेत नसे. ज्याचं रान त्याने त्या दिवशी जेवण घालायचं, आणि ते जेवण कसं झालं यावर पुढे वर्षभर गावात बोललं जायचं. त्याला इर्जिक म्हणायचे. तुमच्याकडे कदाचित सावड म्हणत असतील, पैरा म्हणत असतील, प्रत्येकाची रीत जराशी वेगळी. पण आजीच्या तोंडी आणखी एक शब्द असे : वेठ. पाटलाच्या वाड्यावर जाऊन करावं लागे ते काम. दोन्हीकडे घाम तोच, दोन्हीकडे हातात पैसा नाही. पण इर्जिकीला माणूस आपल्या पायाने जायचा, वाटलं तर उठून घरी यायचा, आणि घरधनी त्याच्या पंगतीला बसायचा. वेठीला यातलं काहीच नाही.

लेकीला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी इर्जिकीला चाललेय." मला ते पटलं, आणि तिथेच मी जराशी गाफील झाले.

तिने दोन शेतं ठरवली होती. पहिलं उत्तरेकडचं, दोन आठवड्यांसाठी. दुसरं उम्ब्रिया प्रांतातलं, अस्सीसी आणि स्पोलेतो यांच्या मधल्या डोंगरउतारावरचं, ऑलिव्हच्या तोडणीसाठी चार आठवडे. मी हट्ट धरला की दोन्ही घरच्या बाईशी मला व्हिडिओवर बोलायचं. लेक लाजली. "मी पंचवीस वर्षांची आहे," वगैरे झालं. पण विचारलं तिने.

उम्ब्रियाची बाई लगेच तयार झाली. तिला इंग्रजी जेमतेम, पण तिची एकोणीस वर्षांची मुलगी बाजूला बसून सांगत होती. घरात नवरा-बायको, ही मुलगी, म्हातारे आजोबा, बारा कोंबड्या, एक कुत्रा आणि चारेकशे झाडं. मी कागदावर प्रश्न लिहून ठेवले होते. नेमकं काम काय? किती वाजता सुरू, किती वाजता बंद? सुट्टी कोणत्या दिवशी? मुलगी शाकाहारी आहे, चालेल ना? जवळचं स्टेशन कुठलं, आणि तिथून आणायला कोण येणार? शेवटचा प्रश्न विचारताना मला संकोच वाटत होता : तिच्या खोलीला आतून कडी आहे का? बाई काही बोलली नाही. फोन हातात धरून जिना चढली, खोलीचं दार उघडलं, आणि कडी लावून-काढून, लावून-काढून तीन वेळा दाखवली. तिसऱ्या वेळी आम्ही दोघी हसलो.

पहिल्या शेताकडून निरोप आला, "सध्या सीझन आहे, वेळ नाही. सगळं माहितीत लिहिलेलं आहे." मला वाटलं, खरंच असेल. द्राक्षाच्या हंगामात माझ्या भावालाही फोन उचलायला वेळ नसतो. पण ज्याला तुमच्या मुलीशी दोन आठवडे बोलायला वेळ असणार आहे, त्याला तिच्या आईशी दहा मिनिटं नसतात, ही गोष्ट मी तेव्हाच कानाआड करायला नको होती.

तिथे काय झालं? अंगावर काटा यावा असं काही नाही, देवाची कृपा. शेत नावापुरतं होतं. मालकाने घराला जोडून पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्या, ऑक्टोबरातही गिऱ्हाईक भरपूर. लेकीचा दिवस सात वाजता नाश्त्याच्या ताटल्यांनी सुरू होई, मग चादरी, मग संडास-बाथरूम, मग दुपारी तासभर भाजीच्या वाफ्यात, आणि रात्री पुन्हा भांडी. नऊ-दहा तास. जेवण स्वयंपाकघरात उभ्याने, पाहुण्यांचं उरलेलं. मालक-मालकीण वेगळे जेवत. आधी पगारावर ठेवलेली एक बाई तिथे काम करायची, तिला त्यांनी काढलं होतं हे लेकीला आठव्या दिवशी शेजारणीकडून कळलं. लेक म्हणते, त्या रात्री तिला झोप आली नाही. आपण कुणाच्या तरी पगाराच्या जागी फुकट उभे आहोत, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

आणि या आठ दिवसांत ती मला रोज काय सांगत होती? "मस्त चाललंय, आई." व्हिडिओ लावायची तेव्हा हात दिसायचे नाहीत. नंतर कळलं, साफसफाईच्या औषधांनी बोटांची सालं निघाली होती.

नवव्या दिवशी तिचा फोन आला, मागे रेल्वेची घोषणा ऐकू येत होती. "आई, मी तिथून निघाले." सगळं सांगितलं. आणि माझ्या तोंडून, आई म्हणून ज्याची आज लाज वाटते असं वाक्य गेलं : "तरी मी सांगत होते."

पलीकडे शांतता. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "जेवलीस का?"

ती रडायला लागली. मग ह्यांनीच तिला स्टेशनवर काय काय खायला मिळतंय ते विचारलं, तिच्याकडून पिझ्झाचा एक तुकडा घेववला, तो खाऊन होईपर्यंत फोन चालू ठेवला. मालकाबद्दल एक शब्द विचारला नाही. मी शेजारी बसून ऐकत होते. ज्या माणसाने "फुकट राबवून घेतील" असं आधीच बजावलं होतं, त्याला ते वाक्य आठवूनसुद्धा आलं नाही. मला आलं.

मला तुमच्याशी मुख्य बोलायचं आहे ते यावर. आपण मुलांना पाठवताना खूप तयारी करतो. गोळ्या, थर्मल, मेतकूट. पण फसलेल्या बेताचा फोन घरी कसा करायचा, याची तयारी आपण त्यांची करून घेत नाही. उलट जाण्याआधीच्या महिनाभरात आपण इतक्या वेळा "बघ हं" म्हणून ठेवतो, की मूल अडकलं तर त्याला समोरच्या मालकापेक्षा आपली भीती जास्त वाटते. माझी मुलगी पहिल्याच दिवशी निघू शकली असती. खिशात पैसे होते, स्टेशन चार किलोमीटरवर होतं. ती आठ दिवस थांबली ती मी "सांगत होते" म्हणेन म्हणून. हे तिने मला मार्चमध्ये, आमच्या गच्चीत बसून, न चिडता सांगितलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आमच्या घरात एक खुणेचं वाक्य ठरलं आहे. "आजीचं औषध आणलं का?" असं तिने विचारलं, की याचा अर्थ : मला इथून निघायचंय, बोलता येत नाही, तुम्ही काहीतरी कारण काढा. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे चुकून कुणी विचारण्याचा प्रश्न नाही.

आता उम्ब्रिया. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

फोलिन्यो स्टेशनवर त्या मायलेकी दोघी तिला घ्यायला आल्या होत्या. ठरल्याच्या पाच दिवस आधी येऊ का असं लेकीने गाडीतून विचारलं होतं, आणि "ये, खोली रिकामीच आहे" एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी तिला कुणी कामाला लावलं नाही. आजोबांनी तिला झाडं दाखवायला नेलं. तिथली जात मोरायोलो, फळ लहान, गोल, काडीला घट्ट धरून बसणारं. आणि एकेका जागी तीन-तीन, चार-चार खोडं वर्तुळात उभी, मधे मोकळं. लेकीला वाटलं, अशीच लावत असतील. आजोबांनी मधल्या मोकळ्या जागेतली माती बुटाने बाजूला केली. खाली जुना, काळा, परातीएवढा बुंधा. जानेवारी १९८५ मध्ये मध्य इटलीत असं हिव पडलं की ऑलिव्हची झाडं उभ्या-उभ्या फुटली. लोकांनी ती जमिनीलगत कापून टाकली. मग त्या बुंध्यांच्या कडेने धुमारे फुटले, त्यांतले चांगले तीन-चार ठेवले, तीच ही आजची झाडं. आजोबा तेव्हा तरुण होते. निम्मी झाडं त्यांनी स्वतः कापली होती.

लेकीने हे मला सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दादाची बाग आली. गारपिटीनंतरच्या सकाळी बांधावर उभा असलेला दादा, आणि खाली घोसांचा चिखल. नात्याने ना जातीने ना भाषेने त्या आजोबांचा आणि माझ्या भावाचा काही संबंध. पण मी फोनवर लेकीला म्हटलं, "त्यांना सांग, आमच्याकडे गारा पडतात." तिने सांगितलं. आजोबांनी विचारलं, "मग पुन्हा लावली का?"

काम असं असायचं. झाडाखाली उतारावर जाळी अंथरायची, खालच्या बाजूने काठ्यांवर उचलून धरायची, नाहीतर फळं घरंगळत दरीत. मग हातात प्लॅस्टिकची लहान फणी घेऊन फांदी विंचरायची, अगदी मुलीचे केस विंचरावेत तशी. बॅटरीवर चालणारं यंत्रही त्यांच्याकडे होतं, पण ते घरधन्याच्या हातात. एका झाडाची दहा-पंधरा किलो फळं. ती पोत्यात भरायची नाहीत, दाबून गरम होतात आणि तेल बिघडतं. भोकाच्या क्रेटमध्ये पसरून ठेवायची आणि एका दिवसाच्या आत घाण्यावर न्यायची. सकाळी आठ ते एक, मग जेवण, मग लेक मोकळी. पहिल्या दिवशी एक वाजता घरधनी म्हणाला, "बस." ही म्हणाली, अजून अर्धं झाड राहिलंय. त्याने तिच्या हातातली फणी काढून घेतली.

जेवायला सगळे एका टेबलावर. तिकडच्या पावात मीठ नसतं. लेकीला वाटलं, विसरले, आणि तिने हळूच वरून मीठ भुरभुरलं. आजोबांनी ते पाहिलं आणि मग रोज तिच्या ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्यात हिने त्यांच्याच भागातल्या डोंगरावरची, कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर घेऊन आमटी केली, मी दिलेला गोडा मसाला घालून. बाईने दोनदा वाढून घेतली. आजोबांनी चाखली आणि पावाला मीठ लावलं.

घाण्याला ते फ्रान्तोयो म्हणतात. रात्री नंबर लागायचा. आपापले क्रेट घेऊन गावचे शेतकरी तिथे ताटकळत उभे, कारण आपलीच फळं आपल्या डोळ्यांदेखत गाळली जावीत हा प्रत्येकाचा हट्ट. गुऱ्हाळावर आपला ऊस आपल्यासमोर गाळून घेणारे लोक मी लहानपणी पाहिलेत. पानं उडवून, धुऊन, दळून, मळून, शेवटी नळातून हिरवीगार धार सुटते. १०० किलोंना बारा-पंधरा लिटर पडलं तर मंडळी खूष. घाण्याच्या कोपऱ्यात शेकोटी पेटवलेली, त्यावर पाव भाजायचा, लसूण घासायची आणि ते ताजं तेल वर ओतायचं. लेकीने घास घेतला आणि तिला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. सगळा घाणा हसला. ठसका लागला म्हणजे तेल चांगलं. तिने हे पुस्तकात वाचलेलं होतं म्हणे : त्या तेलातलं ओलिओकँथल नावाचं द्रव्य घशाला झोंबतं आणि आयब्युप्रोफेनसारखं काम करतं, २००५ साली शास्त्रज्ञांनी ते दाखवलं. परीक्षेत त्यावर चार मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं. "पण मला माहीत नव्हतं, आई, की ते एवढं झोंबतं."

एक रात्र मात्र माझी वाईट गेली. रोज साडेनऊला येणारा फोन आला नाही. दहा वाजले, सव्वादहा. मी काकूंच्या त्या चहाच्या घोटापर्यंत जाऊन पोहोचले होते. साडेदहाला फोन आला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, आपल्यातला साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो. तुमचं मूल त्या दिवसांत तिकडे असेल तर कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

मामाच्या शेताने काय घोडं मारलं होतं, याचं उत्तर मला या सगळ्यात सापडलं, आणि ते तसं साधं आहे. आमच्याकडे भाचीच्या पाया पडतात. ती रानात आली की दादा खुर्ची आणायला पाठवतो. हातात कात्री घेतली की चार बाया ओरडतात, "ताई, ऊन लागंल, हात कापंल." लहानपणी सुट्टीत गेली तेव्हा तिला हुरडा मिळाला, द्राक्षं मिळाली, बैलगाडीत बसायला मिळालं. काम कधी मिळालं नाही. ती तिथे पाहुणी, शिवाय मालकाची भाची. परक्या घरी ती नुसती दोन हात होती. मला हे ऐकायला आवडलं नाही, पण खोटं म्हणता येईना.

थोडं व्यवहाराचं. पर्यटक म्हणून जाऊन असं काम करता येतं का, याचं एक उत्तर नाही, देशागणिक कायदा बदलतो. न्यूझीलंडमध्ये राहणं-जेवण हासुद्धा मोबदलाच धरतात, म्हणजे ते कामच, आणि त्याला कामाची परवानगी असलेला व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीय तरुणांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा उघडला आहे, वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा, आणि त्या सोडतीने. म्हाडाच्या घरासारखंच नशीब काढावं लागतं. तेव्हा ओळखीचा अमका जाऊन आला, यावर जाऊ नका. त्या देशाच्या वकिलातीचं सांगणं वाचा, शंका असेल तर लेखी विचारा, आणि विमानतळावर खोटं बोलायची वेळ येईल असा बेत असेल तर तो बेतच नको. विम्याचंही तसंच. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण कित्येक प्रवासविम्यांत अंगमेहनतीच्या कामात झालेली इजा धरत नाहीत. बारीक अक्षरातली ती ओळ शोधा. शिडीवरून पडणं ही ऑलिव्हच्या हंगामातली अगदी रोजची गोष्ट आहे.

परतीचे पैसे मुलाच्या स्वतःच्या खात्यात हवेत, आणि त्यांना हात लावायचा नाही हे ठरलेलं हवं. पूर्वी राहून गेलेल्यांनी काय लिहिलंय ते वाचा, विशेषतः मुलींनी लिहिलेलं. 'खूप शिकायला मिळालं' एवढंच असेल तर पुढे जा. आज काय जेवलो, कुठे झोपलो, कुत्र्याचं नाव काय, असं कुणी लिहिलं असेल तर ते घर खरं.

आणि एक कटू बोलते. काही मुलं युरोप फुकट बघायला मिळतो म्हणून जातात. हॉटेलचे पैसे वाचतात, फोटो चांगले येतात. यजमानाला ते दुसऱ्या दिवशी कळतं. त्यालाही हंगाम गाठायचा असतो, पाच माणसांचं जेवण सहाचं करावं लागतं. आपलं मूल घरी स्वतःचं ताट उचलत नसेल तर त्याला दुसऱ्याच्या शेतावर पाठवून सुधारायची जबाबदारी त्या बिचाऱ्या शेतकऱ्यावर टाकू नका. वेठ दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

लेक मार्चमध्ये घरी आली तेव्हा सामानात अर्ध्या लिटरचा तेलाचा डबा होता, टॉवेलात गुंडाळलेला. आम्ही तो तासगावला नेला. बेदाण्याचा हंगाम होता, शेडमध्ये रॅकवर माल वाळत पडलेला. दादाने भाकरीवर तेल घेतलं, ठसकला, आणि म्हणाला, "ह्यापरीस आपलं शेंगदाण्याचं बरं." लेक मात्र शेडमध्ये बायांच्या शेजारी जाऊन बसली आणि बेदाणा निवडायला लागली. दोघी-तिघी ओरडल्याच. ती उठली नाही. संध्याकाळी तिने मामाला विचारलं, "यांना किती वाजता 'बस' म्हणतोस?" दादाने माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत होते.

आता येत्या फेब्रुवारीत उम्ब्रियाची ती एकोणीस वर्षांची मुलगी भारत बघायला येणार आहे. दहा दिवस दादाकडे राहणार. टुरिस्ट व्हिसावर येतेय, तेव्हा तिला कसलंही काम सांगायचं नाही, असं लेकीने मामाला दोनदा बजावलं आहे. गेल्या आठवड्यात तिच्या आईने व्हिडिओवर फोन केला. मी तासगावातच होते. बाईच्या हातात कागद होता. स्टेशन कुठलं, आणायला कोण येणार, पाणी उकळलेलं असतं का, असं एकेक विचारत ती शेवटच्या प्रश्नाशी आली आणि थोडी थांबली. तिने विचारायच्या आतच मी फोन घेऊन माडीवर गेले.

खोलीला बाहेरून कोयंडा होता. आतून काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने सुताराला बोलावलं.